अप्पांची मांडी

माझे अप्पा चाळीसहून जास्त वर्षं हुबळीच्या दाजीबानपेठेतल्या एका कापडाच्या दुकानात गादीवर बसले. दुकान मालकांचं, अप्पा तिथले सेल्समन. पण तो शब्द त्यांना आवडायचा नाही. कोणी विचारलं तर "मी गादीवर बसतो," एवढंच सांगायचे, आणि विचारणारा आमच्या पेठेतला असला तर त्याला तेवढं पुरायचं. पांढरी चादर घातलेली लांबरुंद गादी, मागं कपाटं, समोर बायका. सकाळी दहाला अप्पा मांडी घालायचे ती जेवणाच्या वेळी सोडायचे. मागची इरकल साडी काढायची असली तरी नुसते कमरेत वळायचे, पाय जागचे हलायचे नाहीत. दोन्ही गुडघे गादीला टेकलेले, पाठ ताठ. मालकही त्यांच्या शेजारी मांडीला मांडी लावून बसत आणि कुठली साडी पुढं काढायची ते त्यांनाच विचारत.

अप्पांचा एक नियम होता. गिऱ्हाइकाचा शब्द खाली पाडायचा नाही. एखादी बाई शेवाळी रंगावर बोट ठेवून "हा मोरपंखी दाखवा" म्हणाली, तर अप्पाही "मोरपंखीच ना, हा घ्या," म्हणत. शेवाळी हा शब्द तोंडातून काढत नसत. मी लहानपणी एकदा दुकानात असताना मध्येच बोलले होते, "अहो, तो मोरपंखी नाहीच मुळी!" घरी आल्यावर अप्पांनी मला समोर बसवून सांगितलं, "बाळ, ती बाई साडी घ्यायला आली होती, रंगाची नावं शिकायला नाही."

मी मात्र पुढं नावं शिकवणारीच झाले. धारवाडला हायस्कुलात कन्नड शिकवते, रोज हुबळीहून बसनं जाते-येते. घरी मराठी, दारात कानडी, असं आमचं सगळ्यांचंच आयुष्य. पण मराठी घरातली बाई कन्नड शिकवते, आणि तीही पुस्तकी, स्वच्छ, याचं लोकांना नवल वाटतं. त्या नवलाची मला चटक आहे. नसतं सोवळं कशाला पाळू, फुशारकीच आहे ती. तीच पुढं नडली, म्हणून आधीच सांगून ठेवते.

आई जाऊन बरीच वर्षं झाली. मी लग्न केलं नाही, तो विषय वेगळा. घरात आम्ही दोघंच. अप्पा सत्तरीचे झाले, तरी गादी सुटली नव्हती.

दुखण्याची पहिली खूण मला दिसली ती एका रविवारी. अप्पा ओसरीवर पाय सोडून बसले होते आणि त्यांच्या पायाची नखं वाढून वाकडी झालेली होती. मी तांदूळ निवडता निवडता म्हणाले, "अप्पा, शोभतं का हे? समोर बायका बसतात तुमच्या."

"कापतो की," अप्पा म्हणाले.

कापली नाहीत. पुढच्या रविवारी मी पुन्हा बोलले, जरा जोरातच. उजव्या पायाची नखं नीट होती, डाव्याचीच वाढलेली. हे मी डोळ्यांनी पाहिलं आणि सोडून दिलं. डाव्या पायापर्यंत त्यांचा हातच पोचत नव्हता, हे कळायला मला वर्ष लागलं.

मग एक दिवस ते स्वतःच म्हणाले, "मांडी दुखते गं."

"घालवत नाही?"

"तेच."

झालं. मराठीत मांडी म्हणजे पायाचा वरचा भाग, आणि मांडी म्हणजे बसण्याची ती पद्धतही. मी दुसरा अर्थ धरला. मांडी घालवत नाही, म्हणजे गुडघे. या वयात आणखी काय असणार? त्यांनी "तेच" म्हटलं, कारण त्यांना पुढं सांगायचं नव्हतं. त्यांना जांघेत दुखत होतं. आमच्या घरात बाप आपल्या मुलीला, ती पन्नाशीची असली तरी, जांघेत दुखतं असं सांगत नाही. मांडी म्हटलं की सगळं झाकलं जातं.

कोप्पीकर रोडला एका दवाखान्यात मी त्यांना घेऊन गेले. डॉक्टर तरुण होते, म्हैसूरकडचे. बाहेर ही गर्दी. आत गेल्यावर अप्पांनी सुरुवात केली, तीही आपल्या पद्धतीनं, म्हणजे गेल्या दिवाळीपासून. दुकानात गिऱ्हाईक कसं होतं, उठताना काय झालं, मग मालक काय म्हणाले. आमच्या हुबळीची कानडी, मध्येच मराठी. डॉक्टरांचं लक्ष दाराकडं जायला लागलं आणि मला अप्पांची लाज वाटली. खरं तेच लिहिते, लाज वाटली. मी त्यांचं बोलणं तोडलं आणि माझ्या वर्गातल्या कन्नडमध्ये म्हणाले, "सर, एडगाल मंडी नोवु," म्हणजे डाव्या पायाची मंडी दुखते.

आता हा मंडी शब्द समजून घ्यायला हवा. आमच्याकडचे कानडी लोक गुडघ्याला मणकाल म्हणतात. पुस्तकातल्या आणि म्हैसूरकडच्या कन्नडमध्ये मंडी म्हणजे गुडघा. आणि मांडीला कन्नडमध्ये तोडी. अप्पांची मराठी मांडी माझ्या डोक्यातून गेली आणि तोंडातून कन्नड मंडी होऊन बाहेर पडली. एक काना गेला आणि दुखणं वीतभर खाली सरकलं.

डॉक्टर हसून म्हणाले, "मॅडम, तुमची कन्नड अगदी आमच्याकडची वाटते."

मी फुलले. अप्पांचं तोंड अर्धवट उघडं होतं, ते त्यांनी मिटलं. डॉक्टरांनी सांगितलं तसा पायजमा गुडघ्याच्या वर ओढला. डॉक्टरांनी गुडघा वाकवला, सरळ केला. आत करकर वाजलं. फोटो काढला. दोन हाडांमधली फट थोडी कमी झालेली होती. डॉक्टर म्हणाले, "मध्ये मऊ कूर्चा असते, आपण तिला गादी म्हणतो. ती झिजली आहे. वयच आहे."

"गादीवर बसून बसून गादी झिजली म्हणा," अप्पा म्हणाले, आणि आम्ही तिघंही हसलो. सगळ्यात जास्त मी.

पुढं लोक मला विचारायचे, डॉक्टरांनी वरचा सांधा का बघितला नाही? त्यांनी विचारलं होतं. "आणखी कुठं दुखतं का?" असं स्पष्ट विचारलं होतं, अप्पांकडं बघून. उत्तर मी दिलं. "नाही सर."

बाहेर पडल्यावर मी अप्पांना म्हणाले, "बघा, दोन मिनिटांत काम झालं. तुमच्या पद्धतीनं गेलो असतो तर अजून दिवाळीतच असतो."

मग वर्षभर गुडघा. गुडघ्याचा पट्टा, गुडघ्याचे व्यायाम, गुडघ्यात एक इंजेक्शन, रोज तेल. मी स्वयंपाकघराच्या दारावर कॅलेंडर लावलं आणि व्यायाम झाला की खूण करायला सांगितली. अप्पा खुर्चीत बसून पाय उचलायचे, मोजायचे, खूण करायचे. एखाद्या दिवशी खूण दिसली नाही तर मी बोलायचे. "मी शाळेत पोरांच्या मागं लागू की तुमच्या?" ते मान हलवायचे आणि पाय उचलायला बसायचे. आज ते कॅलेंडर आठवलं की मला माझीच चीड येते. जो सांधा खरा दुखत होता, त्याच्याच जोरावर मी त्यांना रोज पाय उचलायला लावत होते.

लंगडणं वाढलं. दुकानात अप्पा आधी गादीच्या कडेला पाय खाली सोडून बसायला लागले, मग मालकांनी त्यांच्यासाठी स्टूल आणलं. स्टुलावरून साडी उलगडता येत नाही. पदर गादीवर पडेपर्यंत बाईच्या डोळ्यांसमोरून निघून जातो, असं अप्पा सांगायचे. मग ते दिवसातून एकच वेळ जायला लागले. मग गेलेच नाहीत.

चालण्याबद्दल, जिन्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही. एकच विचारायचे, तेही जेवताना, माझ्याकडं न बघता. "मांडी परत येईल का गं?"

"व्यायाम करा, येईल," मी म्हणायचे.

शेवटी मला वाटलं, हे व्यायाम नीट करत नाहीत. कोणीतरी समोर उभं राहून करून घ्यायला हवेत. धारवाडला एक बाई फिजिओथेरपी करतात, अळणावरकडच्या एका खेड्यातल्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. मराठी-कानडी दोन्ही सारखीच. अप्पांना बसनं नेणं शक्य नव्हतं, रिक्षा केली. खोलीत शिरल्या शिरल्या मी सगळी हकीकत सांगायला सुरुवात केली. बाईंनी हात वर केला.

"अक्का, तुम्ही थांबा. दुखणं त्यांचं आहे."

पंचवीस वर्षं वर्गात मी इतरांना थांबवलंय. मला कोणी असं थांबवलं नव्हतं. मी थांबले, पण आतून तडतडत होते.

बाई अप्पांसमोर खाली बसल्या आणि म्हणाल्या, "अप्पार, बेरळ इट्टु तोरस्री." बोट ठेवून दाखवा. नावच नको, नुसतं बोट.

अप्पांनी माझ्याकडं पाहिलं. बाईंनी ते पाहणं पाहिलं.

"अक्का, जरा बाहेर बसता?"

मी बाहेर बाकावर जाऊन बसले. भिंतीवर सांगाड्याचं चित्र होतं, त्यातल्या हाडांची कन्नड नावं मी मनातल्या मनात तपासत होते. एक चूक सापडली आणि बरं वाटलं. अशी मी! मग आतून अप्पांचा आवाज आला. शब्द नव्हता, नुसतं ओरडणं होतं. माझ्या जन्मात मी अप्पांना ओरडताना ऐकलं नव्हतं. मी धावतच आत गेले.

बाईंनी फक्त त्यांचा डावा पाय गुडघ्यात दुमडून किंचित आत वळवला होता. अप्पांचा एक हात जांघेवर दाबलेला, डोळ्यांत पाणी.

"हा गुडघा नाही अक्का. खुबा आहे. आजच फोटो काढा," बाई म्हणाल्या. मग कॅलेंडरची गोष्ट ऐकून विचारलं, "वर्षभर गुडघ्याचं केलं? गुडघा दुखतो असं सांगितलं कोणी?"

अप्पा म्हणाले, "मीच सांगितलं."

मी तिथं उभी होते.

खुब्याचा फोटो हुबळीच्या दुसऱ्या एका डॉक्टरांनी आम्हाला दिव्यासमोर धरून दाखवला. मांडीच्या हाडाला वर एक गोळा असतो, तो कमरेच्या वाटीत फिरतो. अप्पांचा उजवा गोळा गोल होता. डावा वरून चेपलेला, हातानं दाबून ठेवलेल्या पेढ्यासारखा. डॉक्टरांनी समजावलं, गोळ्याला रक्त पोचेनासं झालं, आतलं हाड हळूहळू मेलं, आणि अंगाचा भार पडून पडून वरचा भाग खचला. वरची कूर्चा सुरुवातीला चांगलीच असते म्हणे. गादी शाबूत होती, खालची फळीच मोडली होती.

मी विचारलं, "आधी आलो असतो तर?" कन्नडमध्ये विचारलं.

"खूप आधी आला असता तर गोळा कदाचित वाचला असता. कदाचित. खात्रीनं मी नाही सांगणार. आता सांधा बदलावा लागेल."

अप्पांनी एवढं सगळं ऐकून घेतलं आणि एकच शब्द बोलले. "मांडी?"

डॉक्टरांना कळलं नाही. या वेळी मी नीट सांगितलं, अगदी हुबळीच्या कानडीत, की ते जमिनीवर पाय दुमडून बसण्याबद्दल विचारतायत.

"नाही. चालाल, बाजारात जाल, जिना चढाल. मांडी घालायची नाही, फार वाकायचं नाही. नवा सांधा निसटू शकतो."

अप्पांनी "बरं" म्हटलं. रिक्षात बसताना त्यांनी माझा खांदा धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.

शस्त्रक्रिया चांगली झाली. तिसऱ्या महिन्यात अप्पा काठी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जायला लागले. पण आम्ही दोघं जेवायला बसलो की ते वर खुर्चीत आणि मी खाली पाटावर. एके दुपारी मी त्यांच्या डाव्या पायाची नखं कापत होते, वाकायची मनाई असल्यानं ते काम माझ्याकडंच आलं होतं. मान खाली होती म्हणून बोलता आलं.

"अप्पा, चूक माझी झाली. पहिल्या डॉक्टरांना मी मंडी म्हणाले. त्यांच्या भाषेत मंडी म्हणजे गुडघा. तुम्ही मांडी म्हणत होता."

"माहीत आहे की," अप्पा म्हणाले. "मी तिथंच होतो."

माझा हात थांबला. "म्हणजे? तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"बंगळूरची, म्हैसूरची गिऱ्हाइकं येत नाहीत होय दुकानात? मंडी म्हणजे गुडघा, न कळायला काय झालं."

मला राग आला. रडू यायला हवं होतं, पण राग आला, माझं हे असंच आहे. मी नेलकटर फरशीवर आपटलं. "मग तोंड शिवलं होतं का? एक शब्द बोलायचा होता, अप्पा! एक! वर्षभर मी तुम्हाला नाही नाही ते बोलले, तुम्ही खुणा करत बसलात कॅलेंडरवर. का?"

अप्पांनी पायाच्या बोटांकडं पाहिलं.

"तो डॉक्टर तुझ्या कानडीची तारीफ करत होता," ते म्हणाले. "तुझं तोंड असं फुललं होतं बघ. परक्या माणसासमोर तुझा शब्द कसा खाली पाडू? म्हटलं, बाहेर गेल्यावर सांगू. बाहेर तू म्हणालीस, दोन मिनिटांत काम झालं. मग म्हटलं, असू दे. गुडघाही थोडा दुखतच होता की."

"आणि नंतर? वर्ष होतं की!"

"नंतर वाटलं, तुला जास्त कळतं."

मी नेलकटर उचललं आणि उरलेली दोन नखं कापली. करंगळीचं जरा जास्तच कापलं गेलं. अप्पा "स्स" म्हणाले आणि लगेच "काही नाही, काही नाही," म्हणाले. तेव्हा मात्र मला रडू फुटलं.

गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला मालकांनी अप्पांना आग्रहानं बोलावलं. मी सोबत गेले. गादीवर नवी चादर, झेंडूच्या माळा, अप्पांसाठी गादीला लागूनच हाताची खुर्ची मांडलेली. अप्पांनी दारात चपला काढल्या, काठी टेकत आले आणि गादीच्या कडेला उभे राहिले. त्यांची जागा मधोमध होती, कपाटासमोर. ती रिकामी ठेवलेली होती, कोणी बसलं नव्हतं. मालकांनी खुर्ची जरा पुढं ओढली.

अप्पा खुर्चीत बसले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तू बस तिथं."

"मी?"

"मग कोण? मांडी घाल. नीट."

मी चढले आणि त्यांच्या जागेवर बसले. बसल्यावर कळलं, तिथं कापूस दबून एक खोलगट जागा झालेली होती, मला ती मोठी होत होती. माझे गुडघे वर राहिले.

"डावा गुडघा खाली," अप्पा म्हणाले. मी हातानं दाबला. "पाठ ताठ. आता आरती होईस्तोवर हलायचं नाही."

पूजा चांगली अर्धा तास चालली. दहा मिनिटांत पाय बधिर झाले, मग कळा यायला लागल्या, गुडघ्यातून वर, मांडीतून वर. एरवी मी केव्हाच पाय पसरले असते. मी हलले नाही. अप्पा देवीकडं बघत नव्हते, माझ्या गुडघ्यांकडं बघत होते. आरती झाली, लोक प्रसादाला उठले. मला उठताच येईना.

अप्पा खुर्चीतून किंचित पुढं झुकले, जेवढं झुकायची परवानगी होती तेवढेच.

"दुखतंय?"

"हो."

"कुठं?"

सांगायला मी तोंड उघडलं. मराठी शब्द होता, कन्नड होता, पुस्तकातला होता, पेठेतला होता. एकही बोलवेना. मी बोट ठेवून दाखवलं.